एचओ स्केलमध्ये आयसीएफ शयनयान डबा: खरी मापं, मॉडेलची मापं आणि जिथे गाडी अडते त्या जागा

तीन_पॉइंट_पाच

नमस्कार मंडळी. तयार मॉडेलांच्या धाग्यांवर आयसीएफ (चेन्नईच्या पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्याची मापं तुकड्यातुकड्यांत विखुरली आहेत, आणि काही चुकीचीही आहेत. म्हणून हा वेगळा धागा. विषय एकच: पेरांबूरचा साधा, बिनवातानुकूलित स्लीपर डबा, 1:87 मध्ये, घरी बांधायचा.

आधी एक खुलासा. या धाग्यावर 'बोगी' म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा. फलाटावर आपण सगळेच डब्याला बोगी म्हणतो, पण इथे तसं केलं तर बांधताना घोळ होईल.

आयसीएफ कारखाना 2 ऑक्टोबर 1955 ला सुरू झाला. डब्याचं मूळ आरेखन स्वित्झर्लंडच्या श्लीरेन कंपनीचं. पण मापं भारतीय ब्रॉडगेजची, आणि ती फुटात बघितली की मॉडेलवाल्यांचं काम एकदम सोपं होतं. एचओ म्हणजे 1:87, एका फुटाला 3.5 मिमी. डब्याची बॉडी 21,337 मिमी, म्हणजे बरोबर 70 फूट. 70 गुणिले 3.5, म्हणजे 245 मिमी. दोन बोगींच्या मध्यांतलं अंतर 14,783 मिमी, साडेअठ्ठेचाळीस फूट, मॉडेलमध्ये 169.8. बोगीचा व्हीलबेस 2,896 मिमी, साडेनऊ फूट, मॉडेलमध्ये 33.3. नवं चाक 915 मिमी व्यासाचं, म्हणजे 10.5 मिमी, आणि हा बाजारात सहज मिळणारा व्यास आहे. रुंदी 3,245 मिमी, म्हणजे 37.3. बफरपासून (डब्याच्या टोकाचे धक्का झेलणारे दट्टे) बफरपर्यंत 22,297 मिमी, म्हणजे 256.3.

या शेवटच्या आकड्यातून अजून एक माप निघतं. दोन डबे बफराला बफर लावून उभे असताना बॉडी ते बॉडी अंतर 960 मिमी, मॉडेलमध्ये 11 मिमी. तयार मॉडेलांमध्ये हे अंतर 18-20 मिमी असतं आणि रेक (जोडलेल्या डब्यांची अख्खी माळ) विस्कळीत दिसते. डबा कितीही सुबक बनवा, ही फट मोठी राहिली तर लांबून पहिली तीच नजरेत भरते.

दोन डब्यांमधल्या बफरांचा विषय निघालाच आहे तर: आपल्याकडे एका टोकाच्या दोन बफरांमधलं अंतर 1,956 मिमी, म्हणजे 22.5 मिमी. युरोपीय मॉडेलमधले बफर बीम उचलून लावाल तर ते 20 मिमीवर येतात, कारण तिकडे 1,750 चं माप आहे. अडीच मिलिमीटरने डब्याचा चेहरा बदलतो.

आता प्रश्न. एचओचा रूळ 16.5 मिमीचा, आपलं गेज (दोन रुळांमधलं अंतर) मात्र 1,676 मिमी, म्हणजे 1:87 मध्ये 19.3 मिमी. पावणेतीन मिलिमीटरची तूट. ही तुम्ही लोक कशी पचवता?

सांधेबदल

वाखूसा (वाचनखूण साठवली). फुटाचं गणित भारी.

तुटीचं म्हणाल तर सरळ हिशोब: 1,676 भागिले 16.5 म्हणजे 101.6. थोडक्यात, एचओ रुळावर गेज बरोबर हवं असेल तर स्केल 1:100 धरा. बॉडी 213 मिमी, रुंदी 32.5. डबा आणि रूळ यांचं नातं खऱ्यासारखं दिसतं, वळणावरही कमी जागा लागते. शिवाय 1:100 हे वास्तुविशारदांचं स्केल. माणसं, झाडं, जिने, कुंपणं, सगळं इमारतींच्या मॉडेलचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं.

दख्खनी_रूळ

आणि इंजिन कुठून आणणार? डब्ल्यूडीएम-2 हे डिझेल इंजिन अमेरिकन अल्को कंपनीच्या घराण्यातलं. त्याखाली घालायला अमेरिकन अल्कोची एचओ चासी मिळते, ती 1:87 चीच. बफरांसह 17,120 मिमी लांबीचं इंजिन 1:87 मध्ये 197 मिमी होतं, 1:100 मध्ये 171. चासी त्यात बसत नाही. डबे एका स्केलचे, इंजिन दुसऱ्या, असं झालं तर ती चूक गेजच्या चुकीपेक्षा दहापट डोळ्यात खुपते.

तीन_पॉइंट_पाच

दोघांचंही बरोबर. इंजिनही शून्यातून बांधणार असाल तर 1:100 हा शहाणपणाचा मार्ग आहे. बाकीच्यांनी 1:87 वरच थांबावं. या धाग्यावर पुढे 1:87.

चाकधूळ

गेजची तूट लपवायची खरी जागा बोगीच्या साइडफ्रेममध्ये (बाजूच्या चौकटीत) आहे. आयसीएफ बोगीत जर्नलचे (ॲक्सलची बेअरिंगमध्ये बसणारी टोकं) मध्य 2,159 मिमी अंतरावर असतात. 1:87 मध्ये 24.8 मिमी. आणि एचओच्या टोकदार ॲक्सलची लांबी? 24.5 ते 25.5 च्या घरात. म्हणजे साइडफ्रेम आपोआप जवळजवळ खऱ्या जागी येते, फक्त चाकं आत सरकलेली असतात. बाजूने बघताना चूक दिसतच नाही. दिसते ती समोरून, रुळाच्या पातळीला डोळा लावला तर.

म्हणून फ्रेम आत घेऊ नका. काही जण 'रुळाला शोभेल अशी' बोगी अरुंद करतात, आणि मग डबा काठीवर ठेवलेल्या खोक्यासारखा दिसतो. फ्रेम रुंद ठेवा, चाकाच्या बाहेरच्या तोंडाला मळकट काळा द्या. चाक आणि फ्रेममधली पोकळी अंधारात जाते.

बोगी बांधताना कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे ठरवायला खरी बोगी समजून घ्यावी लागते. आयसीएफ बोगीत पहिलं स्प्रिंगिंग ॲक्सलबॉक्सवर: प्रत्येक बॉक्सच्या दोन्ही अंगांना एकेक कॉइल स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या आत तेलाने भरलेला डॅशपॉट. दुसरं स्प्रिंगिंग मधे, बोल्स्टरखाली (डबा पेलणारी बोगीची आडवी तुळई), हँगरांवर झुलणाऱ्या बीमवर उभ्या असलेल्या जाड स्प्रिंगा. मॉडेलमध्ये ओळख पटवतात त्या या मधल्या स्प्रिंगा आणि त्यांच्या बाजूचे तिरके-उभे हँगर. ॲक्सलबॉक्सचं तपशीलकाम थोडं कमी झालं तरी चालेल. मधला भाग सपाट ठेवलात तर ती बोगी कुठल्याही देशाची वाटेल.

मधला_बर्थ

साइडफ्रेम रेझिन प्रिंट करून त्यात ॲक्सलची टोकं थेट बसवली तर चालतं का?

चाकधूळ

सुरुवातीला चालतं, नंतर बिघडतं. रेझिन ठिसूळ असतं. पोलादी टोक त्यात फिरून खळगा मोठा करतं, मग एक चाक खाली बसतं आणि डबा लंगडतो. उपाय: 2 मिमी बाहेरच्या व्यासाच्या पितळी बेअरिंग कप. फ्रेममध्ये 2 मिमीचं ड्रिल हाताने फिरवा, मशीनने नाही, कारण मशीनच्या उष्णतेने आणि धक्क्याने भोकाच्या कडेला तडा जातो. कप दाबून बसवा, मागून चिकटद्रव्याचा थेंब. चाकांच्या आतल्या तोंडांमधलं अंतर 14.4 ते 14.5 मिमी आहे का ते कॅलिपरने तपासा. पॉइंटवर (गाडी रूळ बदलते तिथे) डबा उडतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा दोष या मापाचा असतो आणि शिव्या रुळाला बसतात.

ॲक्सल बोटाने फिरवली की निदान पाच-सहा सेकंद फिरत राहिली पाहिजे. आडवी हालचाल साधारण 0.3 मिमी. त्याहून कमी असेल तर फ्रेम ॲक्सलला चिमटा काढतेय.

दख्खनी_रूळ

बोगी डब्याला जोडताना तीन टेकूंचा नियम विसरू नका. खऱ्या आयसीएफ डब्याचं वजन मधल्या पिव्हटवर नसतं. ते दोन साइड बेअररवर असतं, एकमेकांपासून 1,600 मिमीवर. मधली पिन फक्त ओढ आणि ब्रेकचा जोर पोचवते. मॉडेलमध्ये हीच कल्पना अर्धी उचला: एका टोकाच्या बोगीवर 18.4 मिमी अंतरावर दोन छोटे टेकू, म्हणजे ती बोगी फक्त पुढे-मागे डोलेल. दुसऱ्या टोकाची बोगी मधल्या एकाच गोल टेकूवर, सगळीकडे डोलणारी. तीन टेकूंचं स्टूल कधी डुगडुगत नाही, तसंच हे. दोन्ही बोगी सैल ठेवल्या तर डबा एका बाजूला कलून चालतो, दोन्ही घट्ट ठेवल्या तर रुळाच्या पहिल्याच पिळावर एक चाक हवेत.

एम2 चा स्क्रू, खाली नायलॉनचं वॉशर, आणि नट पूर्ण आवळून मग पाव फेरा मागे. नटावर नेलपॉलिशचा ठिपका, नाहीतर तो फिरत फिरत सुटतो.

शंटिंगवाला

बॉडी कशाची करावी? सनबोर्ड (फोमचा हलका पत्रा) स्वस्त पडतो.

तीन_पॉइंट_पाच

सनबोर्ड छताच्या आतल्या भरावाला ठीक. भिंतीला नको. कापलेली कड फेसाळ राहते, खिडकीच्या कोपऱ्यात पुट्टी भरून भरून कंटाळा येतो, आणि स्प्रे रंगातलं थिनर कडा खातं.

भिंत स्टायरीनच्या दोन थरांत करा. बाहेर 0.5 मिमी, आत 1 मिमी. आतल्या थरातल्या खिडक्या बाहेरच्यापेक्षा चारी बाजूंनी अर्धा मिमी मोठ्या कापा, म्हणजे काचेला मागून बसायला खाच मिळते. एका बाजूला 9 कप्पे, एकूण 72 बर्थ. टोकाला आधी शौचालयाची छोटी, दुधी काचेची खिडकी, मग दार, मग कप्पे, असा क्रम. हा क्रम उलटा केलेली मॉडेलं नेटवर भरपूर आहेत. खिडक्यांची नेमकी जागा ठरवायला समोरच्या फलाटावरून काटकोनात काढलेला फोटो घ्या आणि 245 मिमी रुंदीवर छापा.

इथे सगळ्यात मोठा धोका म्हणजे भिंत आठवड्याभराने केळ्यासारखी वाकते. कारण थर चिकटवताना ओतलेलं सॉल्व्हंट दोन पत्र्यांमध्ये अडकतं आणि हळूहळू पातळ थराला मऊ करत राहतं. तीन गोष्टी करा. एक, आतल्या थराला, आतून कप्प्यांची पार्टिशन येतील तिथे, 1 मिमीची भोकं पाडा, वाफ निघायला वाट मिळते. दोन, सॉल्व्हंट ब्रशने कडेला लावून आत ओढलं जाऊ द्या, मधे ओतू नका. तीन, चिकटवल्यावर दोन सपाट काचांमध्ये वजनाखाली किमान दोन दिवस. चार दिवस मिळाले तर उत्तम.

जमिनीला 1.5 मिमी स्टायरीन आणि मधोमध अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उभी. 245 मिमी लांबीचं प्लास्टिक पट्टीशिवाय मधे झोळतंच.

मधला_बर्थ

आणि थ्रीडी प्रिंट? बऱ्याच मशीनची पाटी 220 मिमीची असते.

चाकधूळ

दोन तुकड्यांत. सांधा खिडक्यांच्या मधल्या पट्टीवर घ्या, खिडकीतून नको. छताचा सांधा आणि भिंतीचा सांधा एका रेषेत आणू नका, निदान 20 मिमी हलवा, मग छतच भिंतीला आधार देतं. रेझिन प्रिंट धुतल्यावर पूर्ण वाळू द्या आणि मगच अतिनील प्रकाशात कडक करा. ओलसर असताना केलं की लांब भिंत आत ओढली जाते. भिंत उन्हात ठेवण्याचा मोह तर अजिबात नको.

कोपरी_पूल

खिडकीच्या आडव्या गजांचं कोणी बोललंच नाही. स्लीपर डब्याची ओळखच ती.

मोटर वाइंडिंगच्या दुकानात 36 गेजची तांब्याची तार मिळते, जाडी 0.19 मिमी. तार एक टोक पकडीत धरून जरा ओढा, ती ताठ होते. भिंतीच्या बाहेरच्या थराच्या मागून, सगळ्या खिडक्यांवरून एकसलग ताणून, प्रत्येक खिडकीच्या दोन्ही कडेला सूक्ष्म थेंब चिकटद्रव्य. सगळ्या सुकल्यावर मधले निरुपयोगी तुकडे कापून टाका. एकेक गज स्वतंत्र कापून बसवायला गेलात तर दुसऱ्या खिडकीपर्यंत गज समांतर राहत नाहीत.

आपत्कालीन खिडक्यांना गज नाहीत आणि त्यांची चौकट लाल. त्या विसरू नका.

काच म्हणून ओएचपी फिल्म चालते. पण गजांजवळ झटपट चिकटणारं सायनोअ‍ॅक्रिलेट वापरून लगेच काच बसवली की वाफेने काच पांढुरकी होते आणि ती पुसून जात नाही. गज आज, काच उद्या. काचेला पातळ पांढरा फेव्हिकॉल किंवा पारदर्शक चिकटद्रव्य. सगळ्या खिडक्या बंद दाखवू नका. काही शटर खाली, काही अर्धी, बहुतेक उघडी: अशी गाडी म्हणजे उन्हाळ्यातली दुपार.

शंटिंगवाला

मरून रंगाचा करावा की निळा?

सांधेबदल

आधी ब्रेक ठरवा, रंग मागून येईल. ढोबळ नियम: मरून म्हणजे निर्वात ब्रेक, निळा म्हणजे हवेचे ब्रेक. अपवाद आहेत, पण मॉडेलला नियम पाळलेला बरा.

निर्वात ब्रेकच्या डब्याखाली मोठे, उभे, पिंपासारखे सिलिंडर लटकतात. हवेच्या ब्रेकच्या डब्याला टोकाला दोन होज: ब्रेक पाइप आणि फीड पाइप. ब्रेक पाइपमध्ये 5 आणि फीड पाइपमध्ये 6 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब. रंगाने ओळखायचं तर ब्रेक पाइप हिरवा, फीड पाइप पांढरा. निळ्या डब्याला एकच होज लावलेली मॉडेलं बघून जाणकार हळूच हसतात.

अंडरफ्रेमवर अजून: बॅटरीच्या पेट्या, आणि पंखे-दिव्यांसाठी 4.5 किलोवॉटचा अल्टरनेटर, जो ॲक्सलवरच्या पुलीपासून व्ही-बेल्टने फिरतो. वातानुकूलित डब्याला 25 किलोवॉटचे असतात आणि बॅटरी पेट्याही मोठ्या. एसी थ्री-टियरखाली स्लीपरच्या पेट्या लावू नका. अलीकडचा काळ दाखवत असाल तर शौचालयांखाली बायोटॉयलेटच्या टाक्या, शौचालयं चार तर टाक्या चार. जुन्या काळासाठी नुसता सरळ पाइप, थेट रुळाकडे तोंड केलेला.

आयसीएफ पद्धतीच्या डब्यांचं उत्पादन पेरांबूरला जानेवारी 2018 मध्ये थांबलं. त्याच वर्षी जुन्या डब्यांवर बदामी-तपकिरी 'उत्कृष्ट' रंगसंगती चढू लागली. तेव्हा तो रंग घेतलात तर टाक्या हव्यातच.

तीन_पॉइंट_पाच

निळ्याचा रंगक्रम: आधी फिका निळा, खिडक्यांच्या पट्ट्यावर. पूर्ण वाळल्यावर पट्टा टेपने झाका. आता टेपच्या कडेवर पुन्हा फिक्याच निळ्याचा एक हलका हात. जे काही टेपखाली झिरपायचं ते फिकंच झिरपेल. मग गडद निळा, दोन-तीन पातळ थरांत. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, भिंतीला चिकटून मागे दुमडत काढा.

छताला मळकट करडा. गाडी धुतली जाते तेव्हा भिंती धुतल्या जातात, छत नाही. म्हणून छत भिंतींपेक्षा जास्त मळलेलं असतं, आणि मॉडेलमध्ये वरून बघत असल्याने तेच सगळ्यात जास्त दिसतं.

चाकधूळ

मळवण्याबद्दल थोडं. जुन्या काळात ब्रेक ब्लॉक बिडाचे, त्यांची धूळ गंजासारखी तांबूस. नंतर कॉम्पोझिट ब्लॉक आले, धूळ काळपट. म्हणजे मरून डब्याची बोगी तांबूस-तपकिरी, निळ्याची राखट-काळी. सगळ्याला एकच 'गंज' पावडर फासू नका.

गंज कुठे दाखवायचा तेही ठरलेलं आहे. आयसीएफ डब्याच्या जमिनीत पन्हाळीदार पत्रा असतो. शौचालयांचं आणि दाराजवळचं पाणी तिथे साचतं आणि डबा आधी तिथेच गंजतो. तेव्हा ओघळ दाराखाली आणि शौचालयाखाली. डब्याच्या मधोमध गंजाचे ओघळ हे नकलेतलं अज्ञान.

मधला_बर्थ

नंबर कसे छापायचे? घरच्या लेझर प्रिंटरवर पिवळी अक्षरं पारदर्शक डेकलवर (पाण्यात भिजवून चिकटवायचा छापील पापुद्रा) छापली तर मरूनवर दिसतच नाहीत.

कोपरी_पूल

दिसणार नाहीतच. प्रिंटरची पिवळी शाई पारदर्शक असते, आणि पांढरी शाई घरगुती प्रिंटरमध्ये नसते. पांढऱ्या डेकल कागदावर अक्षराभोवतीची जमीन मरून छापा, अक्षर पिवळं. डब्याच्या रंगाशी जुळेपर्यंत चार-पाच छटांचे तुकडे छापून डब्याजवळ धरून बघा. कापलेली कड पांढरी दिसते, तिच्यावरून मरूनची बारीक रेघ ओढा. छापल्यावर तकतकीत लॅकरचे दोन थर, नाहीतर पाण्यात टोनर सुटतो.

नंबर अर्थपूर्ण असू द्या. पाच आकड्यांतले पहिले दोन म्हणजे बांधणीचं वर्ष. शेवटचे तीन डब्याचा प्रकार सांगतात: साधारणपणे 201 ते 400 स्लीपर, 401 ते 600 साधा दुसरा वर्ग, 701 ते 800 एसएलआर (गार्ड आणि सामानाची जागा असलेला डबा). म्हणजे 'मरे 92237' हा 1992 चा मध्य रेल्वेचा स्लीपर. बदामी-तपकिरीत 19 ने सुरू होणारा आयसीएफ नंबर टाकलात तर मघाशी सांधेबदल यांनी दिलेलं उत्पादन थांबल्याचं वर्ष आठवा.

शंटिंगवाला

माझा लेआउट 457 मिमी त्रिज्येचा, म्हणजे 18 इंची. डबा वळेल का?

दख्खनी_रूळ

वळेल, पण कुठे काय घासतं ते आधी बघा. 457 वर डब्याचा मध्य आतल्या बाजूला 7.9 मिमी सरकतो आणि टोकं बाहेर 8.5 मिमी. म्हणजे दुहेरी मार्ग असेल तर दोन गाड्या एकमेकींना खाजवतात. 750 मिमी त्रिज्येवर हेच आकडे 4.8 आणि 5.2 होतात. तिथे डबा डबा वाटतो.

दिलासा म्हणून: खऱ्या ब्रॉडगेजवर कमीत कमी त्रिज्या 175 मीटर धरतात. ती 1:87 मध्ये 2 मीटर येते. म्हणजे आपण सगळेच फसवणूक करतोय, प्रश्न किती एवढाच.

457 वर नेमकं अडतं ते दाराखालच्या पायऱ्यांवर. त्या बोगीच्या बाहेरच्या टोकाशी येतात. बोगी या त्रिज्येवर जवळपास 11 अंश फिरते, फ्रेमचा कोपरा साडेतीन मिमीहून जास्त बाहेर येतो आणि पायरीला ठोकर मारतो. डबा उचलला जातो, उतरतो, आणि दोष पुन्हा रुळाला. पायऱ्या 0.3 मिमी पितळी पत्र्याच्या करून अर्धा मिमी बाहेर सरकवा. तरीही लागत असतील तर खालची पायरी बोगीलाच चिकटवा. सरळ रुळावर कोणाला कळत नाही.

सांधेबदल

त्यात एलएचबी (आयसीएफच्या जागी आलेला जर्मन आरेखनाचा डबा) घेतला तर अजून वाईट. बॉडी 23,540 मिमी, पण बोगींच्या मध्यांतलं अंतर 14,900 म्हणजे जवळजवळ आयसीएफइतकंच. सगळी जादा लांबी टोकांना लटकते. मॉडेल 270.6 मिमी. 457 वर टोक 12 मिमी बाहेर जातं. एलएचबी रेक हवी असेल तर 600 च्या खाली नका जाऊ.

तीन_पॉइंट_पाच

बफर अडकण्याचंही सांगून ठेवतो. 11 मिमीची खरी फट ठेवली की बफर टेकलेले राहतात, आणि एस वळणावर एकाचा बफर दुसऱ्याच्या मागे जाऊन बसतो. मागे ढकलताना हमखास. म्हणून बॉडी ते बॉडी 13 मिमी ठेवा, बफरांमध्ये 2 मिमी हवा. उलटसुलट वळणांच्या मधे निदान एक डबाभर, 25 सेंटीमीटर सरळ रूळ. कपलर बॉडीला ठोकून नको, मागे-पुढे सरकणारी क्लोज कपलिंग यंत्रणा घाला. वळणावर ती फट आपोआप वाढवते आणि सरळ रुळावर मिटवते.

फलाटाचं: उंच फलाट रुळापासून 760 ते 840 मिमी, म्हणजे 8.7 ते 9.7 मिमी. सरळ रुळावर फलाटाची कड रुळाच्या मध्यापासून 19.2 मिमी. वळणावरच्या फलाटाला वर दिलेली सरक मिळवा.

मधला_बर्थ

वजन किती ठेवायचं? माझा डबा 70 ग्रॅम भरतोय.

दख्खनी_रूळ

खरा डबा सुमारे 38 टन. 87 चा घन साडेसहा लाखांच्या वर जातो. भागाकार केला तर 58 ग्रॅम. म्हणजे तुमचा डबा स्केलच्या हिशोबाने जास्तच जड आहे, आणि तरीही वळणावर पडेल.

अमेरिकन एनएमआरएची (मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) शिफारस 1 औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस. 245 मिमी म्हणजे 9.6 इंच, उत्तर 165 ग्रॅमच्या आसपास. वजन जमिनीलगत, बोगींच्या वर दोन सारखे भाग करून. मधे ठेवलंत तर जमीन झोळते. लोखंडी नट, चाक बॅलन्सिंगच्या चिकट पट्ट्या, काहीही चालेल. छताला चिकटवू नका, डबा डोक्याने जड होतो.

लोणावळा_बँकर

इथे घाटवाल्यांनी थांबून हिशोब करावा. भोर घाटात कर्जत ते लोणावळा चढ 37 ला 1. मॉडेलवर दर मीटरला 27 मिमी. असे 165 ग्रॅमचे 12 डबे म्हणजे 1,980 ग्रॅम. नुसत्या चढासाठी 53 ग्रॅमची ओढ, वर चाकांचं घर्षण दीड टक्का धरलं तर 30 ग्रॅम. 83 झाले. 400 ग्रॅमचं इंजिन चांगल्या रुळावर वजनाच्या पाव भागाएवढं, 100 ग्रॅम ओढतं. चढावरच वळण आलं की उरलेलं 17 खलास.

म्हणजे खऱ्या घाटासारखंच: कर्जतला मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावा. डीसीसीवर (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा देणारी डिजिटल पद्धत) दोन्ही इंजिनांचा वेग जुळवला नाही तर मागचं इंजिन हलके डबे वळणाबाहेर फेकतं. म्हणून बँकरच्या लगतचे दोन डबे 180 ग्रॅमपर्यंत जड ठेवा.

शंटिंगवाला

अवांतर: हाच सांगाडा वापरून डेक्कन क्वीनची डायनिंग कार होईल का?

लोणावळा_बँकर

कुठल्या काळातली, त्यावर आहे. 1 जून 1930 ला गाडी सुरू झाली तेव्हाच्या 7 डब्यांच्या रेक आयसीएफ नव्हत्याच. अंडरफ्रेम इंग्लंडच्या, बॉडी माटुंगा कारखान्यातली. एक रेक रुपेरी, लाल कडांची, दुसरी निळी, सोनेरी रेघांची. तिच्यासाठी नवी भिंत, नवं छत, नवी बोगी.

1966 मध्ये गाडीला पेरांबूरचे पोलादी डबे मिळाले. तिथून पुढे बाह्य सांगाडा इथलाच: तीच 245 मिमी, त्याच बोगी. भिंतीतल्या खिडक्यांची मांडणी मात्र नवी काढा, स्वयंपाकघराची बाजू आणि टेबलांची बाजू वेगळी दिसते. जून 2022 पासून एलएचबी, म्हणजे 270.6 आणि वरची सगळी रड.

मधला_बर्थ

शेवटचा प्रश्न, दिव्यांचा. एलईडी पट्टी लावली तर डबा लग्नाच्या मांडवासारखा उजळतो.

कोपरी_पूल

कारण 12 व्होल्टची पट्टी पूर्ण ताकदीने लावली आहे. मीटरला 60 एलईडीची पट्टी घ्या, तीनतीनचे चार तुकडे, 200 मिमी. मालिकेत 5 किलोओहमचा प्रीसेट (कमी-जास्त करता येणारा रोध) घाला आणि एकूण प्रवाह 8 मिलिअँपच्या आसपास येईपर्यंत कमी करा. जुन्या मरून डब्याला पिवळसर छटा, ट्यूबलाइटच्या काळातल्याला पांढरी.

लुकलुक थांबवायला ब्रिज रेक्टिफायरनंतर 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, 25 व्होल्टचा. 16 व्होल्टचा स्वस्त असतो, पण डीसीसीच्या 14-15 व्होल्टवर तो फार काठावर चालतो. एवढ्यावर पाव सेकंदाचा खंड भरून निघतो. कपॅसिटरला चार्ज करणारी वाट 100 ओहममधून जाऊ द्या, आणि दिव्यांकडे परतताना त्या रोधाला वळसा घालणारा एक डायोड. रोध नसेल तर बारा डबे एकदम रुळावर ठेवताच बूस्टर (रुळाला वीज पुरवणारा डबा) शॉर्ट समजून बंद पडतो.

वीज घ्यायला चाकाच्या तोंडावर नाही, ॲक्सलवर टेकणारी फॉस्फर ब्राँझची तार वापरा, घर्षण कमी. अर्थात एका बाजूला इन्सुलेशन असलेली धातूची ॲक्सल हवी. आणि छत चिकटवण्याआधी भिंती आतून काळ्या करून त्यावर बर्थच्या रंगाचा हात द्या, नाहीतर अंधारात अख्खी भिंत कंदिलासारखी चमकते.

मधला_बर्थ

काळा रंग राहिला होता. छत अजून चिकटवलेलं नाही, त्यामुळे वाचलो. छत कायमचं चिकटवायचं की काढता येईल असं?

कोपरी_पूल

काढता येईल असं. दोन्ही टोकांच्या भिंतींच्या आत 3 मिमीचे छोटे चुंबक, छताला समोरासमोर पोलादी पत्र्याचे तुकडे. पन्हाळीची रेघ छताच्या तुकड्यावर ठेवा, भिंतीवर नको, मग फट तिच्या सावलीत जाते.

शंटिंगवाला

चुंबकाची बाजू उलटी लागण्याचा प्रश्न?

कोपरी_पूल

म्हणूनच एका बाजूला पत्रा. दोन्हीकडे चुंबक नकोत.